नेम धरण्याआधीचा हिशेब

मराठी भाषेत बंदुका फार. घरात कधी बंदूक न पाहिलेला माणूसही बोलताना सर्रास बार उडवतो. पुढाऱ्याचे भाषण पडले की तो ‘फुसका बार’ ठरतो, मुलीच्या लग्नाचा ‘बार’ उडवून दिला जातो, नाट्यगृह ‘ठासून’ भरते आणि ज्याला स्वतः पुढे यायचे नसते तो दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. यातल्या फुसक्या बाराने मला बरेच दिवस विचारात पाडले आहे. बार फुसका निघाला तर त्यात नेम धरणाऱ्याचा दोष नसतो, भरणाऱ्याचा असतो. दारू सर्दावलेली असते, मापात कमी पडलेली असते किंवा नीट ठासलेली नसते. चापावर बोट जाण्याच्या कितीतरी आधी त्या गोळीचे भवितव्य ठरून गेलेले असते.

मी नेमबाज नाही. भिवंडीत माझे आयुष्य सुताच्या व्यवहारात, सूत तपासण्यात गेले. पण पुतणी नेमबाजी शिकू लागली आणि तिच्यामुळे मी या विषयाच्या नादी लागलो. वाचले, जाणत्यांना विचारले, रेंजवर तासन् तास बसून पाहिले. एक गोष्ट हळूहळू पटत गेली. नेम हा आपण डोळ्याचा आणि हाताचा गुण मानतो, पण त्याआधी तो तराजूचा आणि कागदाचा गुण असतो. जो हा हिशेब करत नाही, त्याची चूक पुष्कळदा दुसऱ्यालाच भोगावी लागते.

बांबूचे माप आणि पेपराचे पान

भिवंडी म्हटले की आता यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. परंतु वज्रेश्वरी-गणेशपुरी ओलांडून वाडा किंवा शहापूरच्या बाजूला गेले की भाताची खाचरे लागतात, मागे रान लागते आणि रानाबरोबर रानडुक्करही येते. उभे पीक एका रात्रीत लोळवणाऱ्या या जनावराच्या भीतीने कोकणात आणि ठाणे-पालघर भागात शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाचे परवाने घेतले. त्या परवान्यावरची बंदूक पुष्कळदा ठासणीची असते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग काथ्या किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासणे. घोड्याखालच्या बोंडीवर टोपी बसवली की बार तयार. हिच्यातली प्रत्येक गोळी हातानेच भरलेली.

अशी बंदूक बाळगलेल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याशी माझे बोलणे झाले. दारू मोजायला त्यांच्याकडे बांबूच्या पेराचे माप होते, वडिलांच्या वेळचे. मी विचारले, “बाबा, अंदाजाने ओतली तर काय बिघडेल?” ते म्हणाले, “आज एक माप, उद्या दीड माप, असं केलं तर ती बंदूक आपल्या ओळखीची राहत नाही.” पावसाळ्यापूर्वी ते मातीच्या उंच बांधाला वर्तमानपत्राचे पान टाचत आणि पावले मोजून वेगवेगळ्या अंतरांवरून बार टाकत. पंचवीस पावलांवर छर्रे दाट बसत, चाळीस पावलांवर पानात पाच-सहा भोके दिसत. “म्हणून चाळीस पावलांवरच्या जनावरावर मी बार टाकत नव्हतो. मरत नाही ते. जखम घेऊन रानात जातं आणि दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेलेल्या बाईवर येतं.”

चाचणी कशासाठी करायची, हे मला त्या एका वाक्यात समजले. आपले हत्यार कुठवर पोहोचते हे तर ती सांगतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठे चापाला हात लावायचा नाही, तेही सांगते.

लंबकाने मोजलेली गोळी

बाबांचे पेपराचे पान आणि इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सचा लंबक ही एकाच जातीची साधने. रॉबिन्स गणिती होता. १७४२ साली तोफशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात त्याने एक साधी युक्ती मांडली. टांगलेल्या जड ठोकळ्यावर गोळी झाडायची आणि ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचे. गोळीचे वजन आणि ठोकळ्याचे वजन माहीत असले की गोळीचा वेग काढता येतो. तोवर डोळ्याला न दिसणाऱ्या गोळीचा वेग हा तर्काचा विषय होता. या लंबकाने तो मोजमापात आणला. हवा गोळीला किती जबरदस्त अडवते, हेही त्यातून उघड झाले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या कामासाठी भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. बंदुकीला हिशेब शिकवणारा माणूस आपल्या मातीत विसावला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

हौद्यातून थेट अमेरिकेच्या रानात

शिकारीसाठी मोठ्या तोंडाचे हातातले हत्यार, ही कल्पनाही मुळात भारतातल्या शिकारीशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे गोरे अंमलदार कमरेला जाड नळीचे आखूड पिस्तूल बाळगत. त्याचे नावच ‘हौदा पिस्तूल’. जखमी वाघाने हत्तीवर झेप घेतली आणि लांब बंदूक फिरवायला जागा उरली नाही, तर हातभर अंतरावरून झाडायचा हा शेवटचा उपाय. तिथे अचूकतेचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न उभा केला विसाव्या शतकातल्या अमेरिकन शिकाऱ्यांनी. त्यात एल्मर कीथ हे नाव ठळक. आयडाहो राज्यातला हा गुराखी आणि शिकारी पुढे बंदुकांवरचा नावाजलेला लेखक झाला. रिव्हॉल्व्हरने मोठे जनावर एका गोळीत पडावे म्हणून तो घरी स्वतः काडतुसे भरत असे. या नादात १९२५ साली त्याच्या हातातले .४५ चे रिव्हॉल्व्हर फुटले. मग तो .४४ कडे वळला, कारण त्या मापात चक्राच्या भिंती थोड्या जाड राहतात. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या अनेक वर्षांच्या आग्रहानंतर रेमिंग्टनचे काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर अशी .४४ मॅग्नमची जोडी १९५५-५६ च्या सुमारास बाजारात आली. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडने ते रिव्हॉल्व्हर रोखले आणि ते जगभर पोचले. चित्रपटात दिसला तो धाक. त्यामागे तराजूशी बसून काढलेल्या रात्री होत्या, त्या कुठे दिसत नाहीत.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळेचा कोष, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल वाजवलेल्या पोरांना टोपी म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. बार उडाला की तिन्ही वस्तू संपतात, कोष तेवढा राहतो. तो साच्यात दाबून मूळ मापावर आणायचा आणि पुन्हा भरायचा, याला हातभरणी म्हणू या. ज्या देशांत कायद्याने मुभा आहे तिथे हा हजारो लोकांचा छंद आहे. पैसे वाचतात हे एक कारण. खरे कारण असे की, आपल्या एका विशिष्ट हत्याराला कोणता बार मानवतो हे शोधता येते.

जड रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा शोध विशेष अवघड असतो. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची. आपल्या मुलांच्या .२२ रायफलच्या गोळीच्या सहापट जड. ती सुटताना हात असा मागे फेकला जातो की चक्रातल्या उरलेल्या पाच काडतुसांनाही हिसका बसतो. कोष मागे जातो, गोळी जागच्या जागी राहू पाहते आणि एकेक केस पुढे सरकत कोषातून बाहेर येऊ लागते. फारच सरकली तर चक्र अडते. म्हणून कोषाचे तोंड गोळीभोवती आवळावे लागते, आणि तेही प्रत्येक काडतुसाला सारखेच. दुसरी गोष्ट, रायफलीला एक घर, रिव्हॉल्व्हरला सहा. सहा माग एका छताखाली असले तरी प्रत्येकाची खोड वेगळी असते, हे भिवंडीकराला सांगावे लागत नाही. चक्रातले एखादे घर नळीसमोर केसभर तिरके थांबते आणि तिथून सुटलेली गोळी दर वेळी एकाच बाजूला जाते. जाणता माणूस घरांना क्रमांक देतो, रिव्हॉल्व्हर वाळूच्या पिशव्यांवर टेकवतो आणि प्रत्येक घराचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडतो. हाताला दोष देण्याआधी तो लोखंडाची साक्ष काढतो.

ग्रेनचा तराजू

हे सारे वाचताना मी ‘ग्रेन’ या शब्दापाशी थबकलो. दारू ग्रेनमध्ये, गोळी ग्रेनमध्ये. अहो, हे तर आमचे वजन! सुताचा काउंट काढायचा तर दीड यार्ड घेराच्या रिळावर ऐंशी फेरे घेऊन एकशे वीस यार्डांची लट काढायची आणि तिचे ग्रेनमध्ये वजन करायचे. एक हजाराला त्या वजनाने भागले की काउंट मिळतो. लट पंचवीस ग्रेन भरली तर सूत चाळीस काउंटचे. एका पौंडाचे सात हजार ग्रेन. त्याच पौंडावर लँकेशायरच्या सूतगिरण्या चालल्या आणि बंदुकीच्या दारूचे कारखानेही.

साम्य वजनापाशी संपत नाही. एका लटीवरून सुताची गाठ पारखणारा व्यापारी बुडतो. चार कोनांतून लटी घ्याव्या लागतात, कारण सरासरी चाळीस येऊनही एक लट अडतीस आणि दुसरी बेचाळीस असू शकते. असे सूत लावले की कापडात पट्टे दिसतात. बंदुकीतही नेमके हेच. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की माणूस हुरळतो आणि तो कागद घडी करून खिशात ठेवतो. तीन गोळ्यांचे ते प्रमाणपत्र फार वेळा योगायोगाचे असते. दहा झाडाव्यात, पुन्हा दहा झाडाव्यात आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर मोजावे. एनसीसीच्या शिबिरात ज्यांनी .२२ झाडली आहे त्यांना ‘ग्रुपिंग’ हा शब्द आठवत असेल. गोळ्या मध्यावर लागल्या की नाही हे नंतरचे. आधी त्या एकत्र पडल्या का, हे पाहायचे. एकत्र पडलेला गट दुर्बिणीचे किंवा माशीचे दोन वळसे फिरवून मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या गटाला वळसा नाही.

अमेरिकेत या वेडाची एक गोष्ट सांगतात. ती मला भिवंडीकर म्हणून फार आवडते. १९८० च्या आसपास ह्यूस्टन शहरातले काही नेमबाज एका प्रचंड गोदामात रात्री जमत. हे गोदाम तीनशे यार्डांहून लांब होते. उघड्या मैदानावर वारा असतो, ऊन असते आणि प्रत्येक फसलेल्या गोळीचे खापर वाऱ्यावर फोडता येते. बंद गोदामात वारा नाही, मृगजळ नाही, त्यामुळे सबबही नाही. तिथे भरणीतला बारीकसा फरकही कागदावर उमटू लागला. आमच्या गावाभोवती मैलोन् मैल गोदामे उभी आहेत. त्यांच्याजवळून जाताना मला कधी कधी वाटते की, माणसाला आयुष्यात एखादे तरी असे बिनवाऱ्याचे गोदाम मिळावे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हा छंद नाही आणि घरी करून पाहण्याचा तर मुळीच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. ते योग्यच झाले. जो हिशेब न करता रानात बंदूक घेऊन जातो त्याचे काय होते, हे २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात दिसले. रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी आपल्याच सोबत्याला जनावर समजून गोळी घातली आणि तो मेला. समोर काय आहे याची खात्री नसताना ओढलेला चाप, एवढेच त्याचे कारण.

आपल्या वाट्याला आली ती खेळातली नेमबाजी, आणि तिथे महाराष्ट्राने मान उंच करावी असे दिवस दाखवले आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद घेतले. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. या वर्तुळात गोळी बसवताना हात आणि मन लागतेच, पण गोळीही लागते.

नेमकी इथेच अडचण आहे. .२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो. घोड्याच्या आघाताने ती कड चेपते आणि कोष पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे हातभरणी नाही. नेमबाजाच्या हाती उरते ती निवड. इंग्लंडची एली किंवा फिनलंडची लापुआ यांसारखे कारखाने एकाच नावाची काडतुसे गटागटाने काढतात आणि प्रत्येक लॉटचा स्वभाव थोडा वेगळा असतो. एका रायफलीला जो लॉट मानवेल तो दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून मोठे नेमबाज या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात पकडून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि जमलेला लॉट पुढच्या हंगामासाठी विकत घेऊन ठेवतात.

माझ्या पुतणीला हे कोण सांगणार? तिला रेंजवर मिळेल ते काडतूस मिळत होते. सराव चांगला चाललेला असताना एका शिबिरात तिचे गुण अचानक ढासळले. गोळ्या वर-खाली फाकू लागल्या. तिला सांगण्यात आले, तुझा श्वास चुकतो, तुझे मन अभ्यासात अडकलेले आहे, वय वाढले की मुलींचे असेच होते. महिनाभर पोर रडत होती. एका रविवारी म्हणाली, “काका, मी रायफल परत करून टाकते. माझ्यात नाहीच ते.”

मी तिला विचारले, “डबीवर लॉट नंबर असेल. शिबिरातला आणि आधीचा एकच होता का?” सुताची गाठ बदलली की आम्ही पहिला हाच प्रश्न विचारतो. तिने रिकाम्या डब्या जपून ठेवल्या होत्या. नंबर वेगळे निघाले. एका अनुभवी नेमबाजाने मदत केली. त्यांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवली आणि स्वतः झाडली, म्हणजे पोरीच्या हाताचा प्रश्नच उरला नाही. दोन्ही लॉटच्या दहा-दहा गोळ्या, दोनदा. जुन्या लॉटचा गट अंगठ्याच्या नखाखाली झाकला गेला. नव्या लॉटचा गट रुपयाच्या नाण्याबाहेर सांडला, तोही उभा. कारण गोळ्यांचा वेग एकसारखा नव्हता. पुतणी दोन कागद हातात धरून बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी नव्हतेच.”

ती आता पदके जिंकते, असे सांगून मी गोष्ट गोड करणार नाही. जुन्या लॉटच्या तीनच डब्या उरल्या होत्या, त्याही संपल्या. पण ती खेळते आहे. नवीन डबी आली की आधी नंबर वहीत लिहिते, दहा गोळ्या टेकवून झाडते, मगच स्वतःच्या हाताला नावे ठेवते. कधी कधी दोष हाताचाच निघतो, आणि मग ती तोही मान्य करते. कागदाने सांगितलेला दोष माणसाला झोंबत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही यातून सुटका नसते. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणी गोळीला अभिनव बिंद्राला चार गुण पडले होते. आपल्या रायफलीची माशी हललेली होती, असे त्याने नंतर सांगितले. त्याने तिथल्या तिथे ती जुळवली आणि भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक घेतले. चाचणीची गोळी झाडण्याची मुभा असते ती याचसाठी. जी गोळी गुणांत धरली जात नाही, तिने सुवर्णपदक वाचवले.

अमेरिकेतले विवेकी रिव्हॉल्व्हर-शिकारी स्वतःसाठी एक नियम पाळतात. जेवणाच्या ताटाहून थोड्या लहान वर्तुळात, साधारण आठ इंचांत, आपल्या साऱ्या गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतात तेवढीच आपली मर्यादा. हत्यार दोनशे यार्डांवर गोळी फेकेल, पण माणूस साठ यार्डांवर थांबतो, कारण कागदाने त्याला साठच सांगितलेले असते. पडघ्या-वाड्याकडचा शेतकरी वर्तमानपत्राच्या पानावरून नेमके हेच शिकला होता.

गावोगावच्या रेंजवर आज शेकडो मुले-मुली उभी आहेत. त्यांचे आईबाप रायफल, जॅकेट आणि काडतुसे यांसाठी पोटाला चिमटा घेतात. तिथे एक भक्कम टेबल, चार वाळूच्या पिशव्या आणि लॉटच्या नोंदीची एक वही ठेवायला कितीसा खर्च येतो? नवीन लॉट आला की आधी तो टेकवून झाडावा, गट भिंतीवर लावावा आणि मग मुलांच्या हाती द्यावा. ज्या गोळीची परीक्षा झालेली नाही, तिच्या जोरावर पोराची परीक्षा घेऊ नये.